एका माडाचे नऊ क्लास

नारळ उतरवून तसाच बाजारात न्या, ट्रेडमार्कच्या दप्तरी तो ३१ नंबरच्या क्लासमध्ये बसतो. खोबऱ्याचा कीस वाळवून पाकिटात भरला की क्लास २९. खाण्याचं खोबरेलही २९मध्येच, पण तेच तेल केसांसाठी म्हणून विकलं तर थेट क्लास ३, साबण-अत्तरांच्या पंगतीला. नारळाची वडी ३०, गोव्याकडचं माडाचं व्हिनेगर तेही ३०. शहाळ्याचं पाणी बाटलीत भरलं की ३२, माडाची फेणी गाळली की ३३. काथ्याची दोरी २२, त्याच काथ्याचं पायपुसणं २७ आणि हिरांचा खराटा २१. झाड एक, क्लास नऊ!

गंमत वाटते, पण खर्चाचं गणित यावरच ठरतं. ऑनलाइन अर्जाला दर क्लासमागे सवलतीची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. ही सवलत एकट्या व्यावसायिकाला, मान्यताप्राप्त स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला मिळते, बाकीच्यांना ९,००० मोजावे लागतात. कोकणातल्या एखाद्या छोट्या उद्योगाने वरचा सगळा माल एकाच नावाने विकायचं ठरवलं, तर ४०,५०० रुपये झाले. अर्ज एकच चालतो, फी मात्र नऊ क्लासची. तरीही आपल्याकडे लोगोच्या रंगावर घरदार महिनाभर खल करतं आणि क्लास निवडायचं काम फॉर्म भरून देणाऱ्यावर सोपवून मोकळं होतं. हे मला अजिबात पटत नाही. नाव कुठल्या मालासाठी तुमचं, हे ठरतं ते तिथेच.

(खोबरेल खायचं की लावायचं, हा वाद करखात्यानेही वर्षानुवर्षं लढवला. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: छोट्या बाटलीतलं असलं तरी ते खाद्यतेलच, केसांचं तेल म्हणून विकत असाल तर गोष्ट वेगळी. तो खटला कराचा होता, ट्रेडमार्कचा नव्हे, पण वस्तू तीच राहून वापरावरून खण बदलतो हे दोन्हीकडे सारखंच.)

यादी कुणाची?

फ्रान्समधल्या नीस शहरात १९५७ साली करार झाला, त्यातून ही यादी आली. आज तिच्यात ४५ क्लास आहेत. पहिले ३४ वस्तूंचे, पुढचे ११ सेवांचे. भारत ही विभागणी आधीपासून वापरत होता, पण करारात रीतसर सामील झाला तो २०१९मध्ये. आणि सेवांचं म्हणाल तर १९५८च्या ट्रेडमार्क कायद्यात त्यांना जागाच नव्हती. १९९९चा कायदा सप्टेंबर २००३मध्ये लागू झाला, तेव्हा कुठे बँका, हॉटेलं, ट्रॅव्हल कंपन्या आणि कोचिंगवाले यांना आपल्या सेवेचं नाव नोंदवता येऊ लागलं. त्याआधी मसाला विकणाऱ्याला नोंदणी मिळायची, तोच मसाला घालून मिसळ वाढणाऱ्याला नाही.

अजब शेजारी

फुलबाजी आणि बंदूक एकाच क्लासमध्ये, १३. काडेपेटी तंबाखूबरोबर ३४मध्ये. बिअर पाण्या-सोड्याच्या सोबतीने ३२मध्ये, बाकी सगळी दारू ३३मध्ये. छत्री चामड्याच्या पिशव्यांजवळ १८मध्ये. अगरबत्ती टूथपेस्टच्या शेजारी ३मध्ये, मेणबत्ती मात्र इंधन आणि वंगणाबरोबर ४मध्ये. टूथपेस्ट ३ आणि टूथब्रश २१, म्हणजे सकाळी तोंड धुताना दोन क्लास झाले. डॉक्टर, ब्युटी पार्लर, गुरांचा दवाखाना आणि माळीकाम हे चौघे ४४मध्ये एकत्र.

सगळ्यांत बहारदार क्लास ४५. पत्रिका मांडणारे इथे, स्थळं जुळवणारे इथे, काडीमोडाची केस लढणारे वकील इथे, आणि अंत्यविधीची व्यवस्था करणारेही इथेच. लग्नाच्या निमंत्रणपत्रिका मात्र १६मध्ये, जेवणाचं कंत्राट ४३मध्ये, नवरीचे दागिने १४मध्ये. शिवलेला ब्लाऊज आणि साडी २५, ताग्यातलं कापड २४. माप घेऊन कपडे शिवून देणारा शिंपी ४०, फाटलेले दुरुस्त करणारा ३७. दळून देणारी गिरणीही ४०मध्ये, पण तिनेच स्वतःच्या नावाचं पीठ पाकिटात भरून विकायला काढलं की तिला ३०मध्ये जावं लागेल.

चारमिनार, नंदिनी आणि बेन्झची चड्डी

क्लासचा नंबर मिळाला म्हणजे अख्खा क्लास आपला झाला, हा मोठा गैरसमज आहे. हैदराबादच्या वझीर सुलतान टोबॅको कंपनीने ‘चारमिनार’ हे नाव ३४व्या क्लासमध्ये तयार तंबाखूच्या सगळ्या मालासाठी नोंदवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात कंपनी बनवायची फक्त सिगारेटी. दुसऱ्या एका व्यापाऱ्याला त्याच नावाने किमाम आणि जर्दा विकायचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६मध्ये निकाल लागला: जो माल तुम्ही बनवतच नाही, त्याच्यावर नुसत्या नोंदणीच्या जोरावर कायमचा हक्क सांगता येणार नाही. कंपनीच्या नोंदीत सिगारेटी तेवढ्या उरल्या.

या निकालाचा आधार पुढे २०१८मध्ये आणखी एका खटल्यात घेतला गेला. कर्नाटकच्या दूध महासंघाचं ‘नंदिनी’ १९८५पासूनचं, बंगळूरच्या ‘नंदिनी डिलक्स’ची उपाहारगृहं १९८९पासूनची. उपाहारगृहवाल्यांनी आपल्या खाद्यपदार्थांसाठी नाव नोंदवायला घेतलं, महासंघाने विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून बाकीच्या मालासाठी नोंदणीला मान्यता दिली. २९व्या क्लासमध्ये दूध बसतं तसं मटणही बसतं, म्हणून ते दोन्ही सारखा माल ठरत नाहीत.

उलटंही घडतं. नाव फार मोठं असेल तर क्लासची भिंत त्याला अडवत नाही. नव्वदच्या दशकात एका कंपनीने ‘बेन्झ’ नावाने पुरुषांच्या अंतर्वस्त्रांचा धंदा मांडला होता, खोक्यावर बेन्झ गाडीच्या खुणेसारखी, वर्तुळात तीन टोकांची माणसाची आकृती! गाडी १२व्या क्लासची, चड्डी २५व्या, दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं, तरी दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली. त्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात, मुंबई उच्च न्यायालयाने घड्याळांसाठी ‘कॅल्टेक्स’ नाव नोंदवू दिलं नव्हतं, कारण लोकांना ते त्याच नावाच्या पेट्रोल कंपनीचंच वाटलं असतं. ‘बाटाफोम’च्या गाद्याही १९८५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात अशाच अडल्या. पण बाटा किंवा बेन्झ असणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. आपल्या नवीन ब्रँडला क्लासचाच आधार आहे.

मग सगळेच घेऊन टाकू?

सवलतीच्या दराने ४५ क्लासची फी २,०२,५०० रुपये होते. दहा वर्षांनी नूतनीकरण, त्याची ऑनलाइन फी दर क्लासला ९,००० म्हणजे ४,०५,०००. एवढं करूनही नोंदणीनंतर सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने त्या मालासाठी नाव वापरलं नाही, तर ज्याचं हित अडतंय असा कुणीही ट्रेडमार्क कायद्याच्या ४७व्या कलमाखाली नोंद रद्द करायला अर्ज करू शकतो. त्यामुळे हौसेने घेतलेले क्लास टिकत नाहीत.

समजा, घरी सुरू केलेला लोणच्याचा धंदा आहे. लोणचं २९. मसाले आणि चटण्या ३०. उन्हाळ्यात कोकम सरबत काढलं, तर ते ३२. डबे पुरवले, तर ते ४३. आज लोणचं आणि मसाले विकताय आणि पुढच्या हंगामात सरबत नक्की येणार असेल, तर २९, ३० आणि ३२ घ्या. डब्यांचा बेत अजून नुसता बोलण्यात असेल तर ४३ थांबू दे. ऑर्डर घ्यायला ॲप केलंय म्हणून कुणी ९ आणि ४२ गळ्यात मारायला बघेल. ॲप हा तुमचा माल नाही, तो तुमचा गल्ला आहे. इतरांचा मालही दुकानात ठेवत असाल तर ३५चा विचार जरूर करा, पण स्वतःच्या बरणीवरच्या नावाला ३५ पुरत नाही, तिथे २९च हवा.

क्लास ठरला की खरा जीव मालाच्या यादीत असतो. ‘खाद्यपदार्थ’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘आंब्याचं लोणचं, लिंबाचं लोणचं, मिरचीचं लोणचं’ असं नीट लिहा. अर्जातली यादी नंतर आखडती घेता येते, वाढवता येत नाही. राहून गेलेल्या वस्तूसाठी नवा अर्ज, नवी फी आणि नवी तारीख. आणि मधल्या काळात दुसऱ्याने अर्ज टाकला असेल तर त्याची तारीख तुमच्या आधीची.

अर्जाआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं, फक्त शोध क्लासवार चालतो. ३०मध्ये काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, २९, ३२ आणि ४३ही तपासा. खाणावळ किंवा कॅफेचं नाव शोधणाऱ्यांनी तर आणखी एक क्लास उघडायला हवा. आपल्याकडे सुरुवातीला सेवांचे क्लास ४२पर्यंतच होते आणि हॉटेलं ४२मध्ये नोंदवली जायची. २०१०मध्ये नियम बदलून ४३ ते ४५ आले. त्याआधीच्या उपाहारगृहांच्या नोंदी आजही ४२मध्ये सापडतात.