कान खाजतो? तेलाची वाटी आधी बाजूला ठेवा

उरणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कपडे वाळत नाहीत, तसा कानही आतून कोरडा होत नाही. मग खाज सुटते आणि घरातलं कोणीतरी लसूण घालून कढवलेलं कोमट तेल पुढे करतं. आयुर्वेदिक उपाय म्हणून त्यावर कोणी शंका घेत नाही. आयुर्वेदाचे ग्रंथ मात्र वेगळं सांगतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग दिले आहेत. त्यांतला एक कर्णकंडू, म्हणजे कानाची खाज. तिचं कारण साठलेला कफ. उपचार म्हणून नळीवाटे वाफेचा शेक, वमन (उलटी करवणं), धूम (औषधी धूर) आणि नस्याने, म्हणजे नाकात औषध घालून, शिरोविरेचन (डोक्यातला कफ काढणं) सांगितलं आहे. सगळा रोख ओल आणि कफ कमी करण्याकडे. कानात नियमित तेल घालायला चरकानेही सांगितलं आहे, पण ते वाताचे कर्णरोग होऊ नयेत म्हणून.

आजचं वैद्यकशास्त्रही ओलीवरच बोट ठेवतं. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. तिच्यातला मळ किंचित आम्लधर्मी असल्याने जंतू आणि बुरशीला आवर घालतो. नळीची त्वचा हळूहळू बाहेर सरकत मळही बाहेर आणते. बड्स किंवा आगकाडीने आपण हे कवच खरवडतो, त्वचेला ओरखडे पडतात आणि उबदार ओलाव्यात अ‍ॅस्परजिलस किंवा कॅन्डिडा ही बुरशी वाढते. अ‍ॅस्परजिलस नायजर असेल तर कानात काळे ठिपके दिसतात. अशा कानात तेल ओतल्यास त्रास वाढू शकतो. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मध्यकर्णात उतरतं.

उरणच्याच भागात, पनवेलला, १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर या आयुर्वेदिक कंपनीची औषधनिर्मिती सुरू केली. वैद्याला विचारण्याची परंपरा इथे जुनी आहे, तिचा उपयोग करा. वाफ, धूम, नस्य हे उपचारही घरी स्वतःच्या मनाने करू नका. अंघोळीनंतर कान बाहेरून टिपून घ्या, आत काडी घालू नका. कान वाहत असेल, दुखत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा मधुमेह असेल, तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कान तपासल्याशिवाय त्यात काहीही घालू नये.