खेळण्यातला पियानो आणि विजेचे सूर

तंबोऱ्याची षड्जाची तार छेडली की तिच्यातून कधी कधी गंधारही ऐकू येतो. तो कोणी मुद्दाम लावलेला नसतो. म्हणून गवई त्याला 'स्वयंभू गंधार' म्हणतात. एका तारेतून एकच सूर निघत नाही, तर मूळ सुराबरोबर अनेक बारीक उपस्वर निघतात, याचा हा पुरावाच होय.

आता दुसरे एक वाद्य घेऊ. ते आहे लहान मुलांच्या खेळण्यातला पियानो. त्याच्याही एका पट्टीतून अनेक सूर निघतात, पण ते सरगमीच्या कोणत्याच घरात बसत नाहीत. कानाला तो आवाज घंटेसारखा आणि किंचित बेसूर वाटतो. असे असूनही गेली पाऊणशे वर्षे काही गंभीर संगीतकार याच खेळण्यासाठी रचना करीत आले आहेत, आणि त्याला विजेच्या उपकरणांची जोड देत आहेत. असे का बरे असावे? उत्तराचा मोठा भाग पदार्थविज्ञानात सापडतो.

पेटीत असते काय?

प्रथम एक घोटाळा टाळू. बाजारात बॅटरीवर चालणारा प्लॅस्टिकचा 'पियानो' मिळतो, तो हा नव्हे. त्यात आवाज एका चिपमधून येतो. आपण बोलतो आहोत त्या वाद्यात ना बॅटरी असते, ना तारा. मोठ्या पियानोत पट्टी दाबली की हातोडी ताणलेल्या तारेवर आपटते. खेळण्यातल्या पियानोत तारेऐवजी पोलादाची बारीक दांडी असते. तिचे एक टोक जड धातूच्या पट्टीत घट्ट बसवलेले असते व दुसरे मोकळे असते. इवलीशी हातोडी या दांडीवर आपटते.

जुन्या काळी दांडीच्या जागी काचेच्या पट्ट्या असत आणि त्या प्रवासात सहज फुटत. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या अल्बर्ट शोनहट यांनी काचेऐवजी धातू वापरला, आणि १८७२ साली फिलाडेल्फिया येथे अशा पियानोंचा कारखाना सुरू केला. खेळणे टिकाऊ झाले.

तारेचा नियम आणि दांडीचा नियम

तार ताणलेली असते, म्हणूनच ती कंप पावते. तिची लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे 'सा'चा तार 'सा' होतो. तिचे उपस्वर मूळ सुराच्या २, ३, ४, ५ पट असतात. दुप्पट म्हणजे तार षड्ज, तिप्पट म्हणजे तार पंचम, चौपट म्हणजे अतितार षड्ज आणि पाचपट म्हणजे त्याच्यावरचा शुद्ध गंधार. हाच तो स्वयंभू गंधार!

दांडीला कोणी ताणलेले नसते. ती वाकली की स्वतःच्या ताठरपणामुळे परत सरळ होऊ पाहते. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. लांब वळण देणे सोपे असते, आखूड वळण देणे फार कठीण. तारेवरची तरंगलांबी निम्मी झाली की कंपनसंख्या दुप्पट होते. दांडीत मात्र ती चौपट होते. म्हणून दांडीची कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३ मि.मी. व्यासाची पोलादी दांडी १० सें.मी. मोकळी ठेवली, तर तिचा मूळ सूर सेकंदाला सुमारे २१४ कंपनांचा येतो. तार सप्तकातला तोच सूर हवा असेल तर ५ सें.मी. नव्हे, सुमारे ७.१ सें.मी. लांबी लागते.

उपस्वरांचे काय होते? एका टोकाला आवळलेल्या दांडीचा दुसरा सूर मूळ सुराच्या सुमारे ६.२७ पट, आणि तिसरा १७.५५ पट असतो. हे आकडे सरगमीत कुठे बसतात ते पाहू. ६.२७ ला ४ ने भागले की १.५७ येतात. पंचम म्हणजे १.५ आणि कोमल धैवत म्हणजे १.६. आपला सूर या दोघांच्या मधल्या फटीत पडला! १७.५५ ला १६ ने भागले की १.१० येतात. कोमल रिषभ १.०७, शुद्ध रिषभ १.१२५. पुन्हा फटीतच! म्हणजे खेळण्यातला पियानो 'बेसूर' वाटतो, तो कारागिराच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. दांडीच्या नियमाप्रमाणे तो अगदी बिनचूक वाजत असतो.

करून पाहा

पारशिवनीत खरा टॉय पियानो मिळणे कठीण. पण गावातल्या वेल्डिंगच्या किंवा फिटरच्या दुकानात हॅकसॉचे जुने, लवचिक पाते नक्की मिळेल. दातांच्या कडेला चिकटपट्टी लावा, आणि प्रयोग शिक्षकांसमोरच करा.

पाते लाकडी टेबलाच्या कडेवर असे ठेवा की २० सें.मी. भाग बाहेर राहील. उरलेला भाग फळीखाली घट्ट दाबून धरा. मोकळे टोक हलकेच दाबून सोडा. पाते वरखाली होताना दिसेल, पण त्या हलण्याचा सूर ऐकू येणार नाही. पात्याची जाडी ०.६ मि.मी. धरली तर ही कंपने सेकंदाला सुमारे १२ येतात, आणि आपला कान साधारण २० च्या खाली सूर ओळखत नाही. आता बाहेरचा भाग १० सें.मी. करा, मग ५ सें.मी. करा. सुमारे ५० आणि नंतर सुमारे २०० कंपने होतील. तुमच्यापैकी जे पेटी वाजवतात त्यांना लगेच कळेल की लांबी निम्मी केल्यावर सूर एक नव्हे, दोन सप्तके वर गेला.

दुसरा भाग याहून गमतीचा आहे. पुन्हा २० सें.मी. पाते बाहेर ठेवा. मोकळ्या टोकापासून सुमारे ४.३ सें.मी. वर बोटाचा अलगद स्पर्श ठेवा, पात्याच्या मध्यावर टिचकी मारा, आणि मित्राला कान टेबलाला लावायला सांगा. त्याला सेकंदाला सुमारे ७५ कंपनांचा घुमारा ऐकू येईल. १२ ला ६.२७ ने गुणून पाहा! जिथे बोट होते तिथे दुसऱ्या प्रकारच्या कंपनात पाते स्थिर असते, म्हणून ते कंपन टिकले आणि मूळ कंपन विरले. टॉय पियानोच्या खालच्या पट्ट्यांतही असाच प्रकार घडतो. लहानशा पेटीतून मूळ सूर दुबळा निघतो आणि वरचा, फटीतला सूरच कानात भरतो.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, हार्मोनियमची जीभही एका टोकालाच आवळलेली असते. मग ती सुरात कशी वाजते?" प्रश्न उत्तम आहे. हातोडीचा घाव एकदाच बसतो, आणि मग दांडीतले सगळे सूर आपापल्या गतीने मोकळे वाजतात. भात्याची हवा मात्र सतत येत असते. जीभ एकाच ठेक्यात हवेचे झोत तोडत राहते, आणि नियमित ठेक्याच्या आवाजात उपस्वर पूर्ण पटीतच असतात.

शाईची हुशारी

बेसूर उपस्वरांना वळण लावण्याचे एक थोर उदाहरण आपल्याकडेच आहे. नुसत्या ताणलेल्या गोल कातड्याचे उपस्वर मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटीत येतात. म्हणून विदर्भात खेडोपाडी भजनात वाजणारी खंजिरी ठेका धरते, पण सूर सांगत नाही. तबल्याच्या मधोमध मात्र शाईचा थर असतो. त्या वजनामुळे पहिले महत्त्वाचे उपस्वर सरकून जवळजवळ पूर्ण पटीत येतात, आणि तबला सुरात लावता येतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात हे प्रथम जगापुढे मांडले. कारागिरांच्या अनामिक पिढ्यांनी ते आधीच कानाने साधले होते.

म्हणजे वाट एकच नाही. तबल्याच्या कारागिराने कातड्याला सुरात आणले. टॉय पियानोच्या संगीतकारांनी दांडीला आहे तशीच ठेवली आणि तिच्याभोवती संगीत रचले.

न्यूयॉर्क, अहमदाबाद, मुंबई

त्यातले पहिले मोठे नाव अमेरिकेचे जॉन केज यांचे. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्या पखवाज वाजवीत, आणि शास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांच्या त्या भगिनी. त्यांनी केज यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकले आणि केज यांना भारतीय संगीत शिकवले. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, केज यांनी 'सूट फॉर टॉय पियानो' ही पाच भागांची रचना केली. तिला अवघ्या नऊ पांढऱ्या पट्ट्या पुरतात. १९६० मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. 'म्युझिक फॉर ॲम्प्लिफाइड टॉय पियानोज' या रचनेत खेळण्याच्या अंगालाच मायक्रोफोन चिकटवले. कानाला एरवी न पोचणारे खटके आणि उपस्वर सभागृहभर घुमू लागले.

आपल्या देशातही पट्ट्या आणि वीज यांची गाठ पडली होती. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी तुम्ही ऐकली असेल. ती मुंबईत कल्याणजी यांनी 'क्लॅव्हिओलिन' या छोट्या विद्युत्‌वाद्यावर वाजवली होती. त्यातला आवाज निर्वात नळ्यांच्या मंडलात तयार होई. पुढे १९६९ साली केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग सिंथेसायझर उभारला. भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा तो पहिला स्टुडिओ. तेथे गीता साराभाईंनीही काम केले.

टॉय पियानोला मैफलीत मानाची जागा देण्यात सिंगापूरला जन्मलेल्या मार्गारेट लेंग टॅन यांचा मोठा वाटा आहे. १९९७ साली त्यांचा 'द आर्ट ऑफ द टॉय पियानो' हा ध्वनिमुद्रित संग्रह निघाला. ऑस्ट्रियाचे कार्लहाइन्झ एसल यांनी २००५ मध्ये टॉय पियानो आणि सीडी यांच्यासाठी 'कलिंबा' रचली. कलिंबा हे आफ्रिकी वाद्य, आणि त्यातही आवळलेल्या धातूच्या जिभाच वाजतात, हा योगायोग नव्हे!

वीज नेमके काय करते?

मायक्रोफोन कंपनांचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. संगणक तो चढउतार सीडीच्या दर्जाने मोजतो, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा. एकदा सुराचे आकडे झाले की गणिताला रान मोकळे. २२,०५० आकडे थांबवून मग सोडले, की अर्ध्या सेकंदाने प्रतिध्वनी येतो. २१४ कंपनांच्या साध्या सुराला ३०० च्या सुराने गुणले, की त्यांच्या जागी बेरजेचा ५१४ आणि वजाबाकीचा ८६ असे दोन नवे सूर उमटतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संगणकाला १, ६.२७, १७.५५ हे प्रमाण सांगितले, की तो त्याच फटीतले सूर हवे तितके लांब धरून ठेवतो. दांडीचा सूर क्षणात विरतो. विजेचा सूर तो तिथून उचलून पुढे नेतो. बारा सुरांना बांधलेल्या वाद्यांना ही साथ जमत नाही. म्हणूनच खेळणे आणि संगणक यांची जोडी जमली.

तुमच्या शाळेतही याची सुरुवात करता येईल. मोबाईलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारी मोफत ॲप मिळतात. तंबोरा, हार्मोनियम, तबला, खंजिरी, मंदिरातली घंटा आणि स्टीलचा पेला यांचे वर्णपट घ्या. प्रत्येकाच्या उपस्वरांना मूळ सुराने भागा, आणि आलेल्या आकड्यांचा तक्ता वर्गात लावा. कोणाचे आकडे पूर्ण येतात आणि कोणाचे फटीत पडतात, ते तुम्हीच शोधा. 'बेसूर' हा शब्द उच्चारण्यापूर्वी, ही वस्तू कोणत्या नियमाने वाजते आहे, एवढा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागली, तरी या खेळण्याने तुम्हाला पुष्कळ शिकवले असे म्हणता येईल.