बुलेटमधली छोटी बुलेट

आजचा भाग वायरिंगचा आहे, पण जांभया देऊ नका, कारण त्याची सुरुवात अंधारात होते.

दिवेआगरहून श्रीवर्धनला परत येत होतो, शेखाडीच्या किनाऱ्याकिनाऱ्याने. गाडी मामाची, जुनी सहा व्होल्टची बुलेट. हेडलाइट कसला, देवापुढची समईच ती. एका वळणावर तीही विझली. उजव्या हाताला समुद्राचा आवाज तेवढा येत होता. मामाने हेडलाइटला दोन थपडा मारल्या, उजेड परत आला आणि आम्ही सायकलच्या वेगाने घरी पोचलो. मामीने निकाल दिला: रात्री ही गाडी बाहेर काढायची नाही. जो तो सांगायला लागला, विकून टाका.

आता बघा, थप्पड मारून दिवा लागतो याचा अर्थ बल्ब ठीक आहे, बॅटरीही ठीक आहे. बिघाड जोडात आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पडवीचे पत्रे उडाले आणि गाडी भिजली. नंतर कुणीतरी वायरी कापल्या, पिळल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळून दिली. ती पट्टी सोडवली तर आत सगळं हिरवं.

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आजीने सांगितलंय ना? तेच इथे. तांब्याची वायर आणि खारट दमट हवा. कळंक वायरीच्या प्लास्टिकखाली सरकत जातो, बाहेरून काही दिसत नाही.

थोडं गणित करू. सहा व्होल्टवर ३० वॅटचा दिवा म्हणजे ५ अँपियर. कळकलेल्या एका जोडाचा अडथळा ०.१ ओहम धरा, म्हणजे तिथे अर्धा व्होल्ट गेला. असे दोन जोड, एक येण्याच्या वाटेवर, एक अर्थिंगच्या. बल्बला उरले ५ व्होल्ट. पण उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, फार झपाट्याने पडतो. ५ व्होल्टला तो जवळजवळ निम्माच राहतो. बारा व्होल्टच्या गाडीत हेच दोन जोड असते, तर जेमतेम अर्धा व्होल्ट जातो, तोही बारातला. म्हणून जुनी गाडी जोडांच्या बाबतीत जास्त नाजूक.

मूळ जोड कसा होता? बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली, पण आराखडा इंग्लंडचा, त्यामुळे जोडायची पद्धतही तिकडची. गंमत म्हणजे त्या जोडालाही बुलेटच म्हणतात. वायरीच्या टोकाला पितळेची छोटी गोळी, ४.७ मिलिमीटर जाडीची. दोन्ही वायरींना गोळ्याच असतात, आणि त्या दोन बाजूंनी एका नळीत शिरतात. नळी धातूची, वर काळं रबर. घरी आरएक्स १०० असेल तर थांबा: जपानी गोळी ३.९ मिलिमीटरची असते आणि तिथे एका वायरीला गोळी, दुसरीला नळी. ३.९ ची गोळी ४.७ च्या नळीत जाते खरी, पण खुळखुळते.

मूळ पद्धतीचा जोड लावणं म्हणजे नुसती हौस, असं मलाही वाटायचं. पण हा जोड हाताने ओढून उघडता येतो, पुसता येतो, परत बसवता येतो. श्रीवर्धनसारख्या गावात याहून मोठी सोय नाही.

आम्ही केलं ते असं. आधी बॅटरी काढली, मोबाइलवर फोटो काढले, आणि एका वेळी एकच वायर हातात घेतली. काळी पडलेली वायर कापत मागे गेलो, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. दोन ठिकाणी इतकं कापावं लागलं की वायर पुरेना, नवा तुकडा जोडला. गोळी दाबायला तिचा खास पक्कड हवा. साध्या पकडीने ती चपटी होते आणि तार आत सैल राहते. पक्कड नसेल तर गोळीच्या टोकाच्या भोकातून डाग द्या, पण राळेचा फ्लक्स वापरून, आम्लाचा नको. मग वायर जोरात ओढून बघा. हातात आली तर बरं झालं समजा, रस्त्यात आली नाही.

गोळ्या कल्हई केलेल्या मिळाल्या तर त्याच घ्या, भांड्याला कल्हई का करतात ते तुम्हाला माहीतच आहे. नळीत घालण्याआधी थोडी पेट्रोलियम जेली. जुनी पितळी नळी चिंच-मिठाने उजळायचा मोह होईल, मलाही झाला. नको. मीठ आत राहिलं की पुन्हा तीच कथा.

आणि अर्थिंग विसरू नका! चासीला नवा रंग काढला की अर्थिंगचा रिंग रंगावरच बसतो, आणि रंगातून वीज जात नाही. तेवढी जागा खरवडा. जुन्या गाडीत बॅटरीची कुठली बाजू चासीला जोडली आहे तेही आधी बघून ठेवा, अंदाजाने लावू नका.

शेवटी मल्टिमीटर. दिवा चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या चासीला न जोडलेल्या टोकावर, दुसरं बल्बकडे वीज आणणाऱ्या टोकावर. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्थिंगच्या बाजूनेही तसंच मोजा. आमचे दोन्हीकडचे मिळून आधी एक व्होल्टच्या वर होते, आता ०.२.

मामा परवा रात्री हरिहरेश्वरला जाऊन आला. मामीला सकाळी कळलं. हॉर्न अजून थप्पड मारल्याशिवाय वाजत नाही, तो पुढच्या रविवारी.