पाळण्याचा माथा आणि तळ

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर आज तेलंगणाच्या हद्दीत मोडते. परंतु निजामाच्या अंमलापासून या मुलखात गोंडी, तेलुगू आणि मराठी या भाषा शेजारधर्माने नांदत आल्या असून, पौषात तेथे तोडसाम कुळाच्या खामदेवाची जत्रा भरते तेव्हा महाराष्ट्रातूनही भाविक येतात. या टापूतील असो वा देशावरची, कोणत्याही जत्रेत देवदर्शन आटोपले की पोरांचे पाय पाळण्याकडे वळतात. आणि पाळणा माथ्यावरून उतरू लागला की पोटात जो गोळा येतो, तो उंचीमुळे येतो असा बहुतेकांचा समज असतो. हा समज यथार्थ नाही.

कोणतीही वस्तू वर्तुळात फिरत राहावयाची तर तिला क्षणोक्षणी केंद्राकडे खेचणारे बल लागते, आणि वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले असता त्या खेचीने होणारे त्वरण मिळते. वर्तुळ उभे असले म्हणजे या हिशेबात गुरुत्वाकर्षणाचा वाटा जागोजागी बदलतो. तळाशी गुरुत्व केंद्रापासून दूर ओढते, म्हणून बैठकीला माणसाचे वजन तर पेलावे लागतेच, शिवाय त्याला वर वळविण्याचे बलही तिलाच पुरवावे लागते. माथ्यावर मात्र गुरुत्व स्वतःच केंद्राच्या दिशेने असल्याने वळविण्याचे काम ते परस्पर उरकते आणि बैठकीचा रेटा तेवढा कमी होतो. आपल्याला जाणवते ते वजन नव्हे, तर हा रेटा. तो घटला की पोटातील अवयवांचाही आधार घटतो, आणि गोळा येतो तो त्यामुळे.

समजा, ६ मीटर त्रिज्येचा पाळणा ८ सेकंदांत एक फेरा पुरा करतो. त्यात बसलेल्या ५० किलो वजनाच्या माणसाला माथ्यावर आपण सुमारे ३१ किलोचे आहोत असे वाटेल आणि तळाशी ६९ किलोचे. आता याच्या शेजारी १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने उभारलेला अवाढव्य पाळणा ठेवून पाहा. त्याचा व्यास २५० फूट, त्यावर ३६ डबे, आणि अखंड फेऱ्यास लागणारा वेळ ९ मिनिटे. त्यात याच माणसाच्या भासमान वजनात पडणारा फरक जेमतेम २६ ग्रॅम! उंचीने भीती वाटेल, पण पोटात गोळा आणण्याचा अधिकार त्रिज्या आणि फेऱ्याचा काळ या दोघांच्या हाती असतो. त्रिज्या तीच ठेवून फेऱ्याचा काळ निम्मा केला, की हा परिणाम चौपट होतो.

या वाढीला एक सीमा आहे. आपल्या ६ मीटरच्या पाळण्याचा फेरा ५ सेकंदांच्या किंचित खाली आला, की माथ्यावर बैठकीचा रेटा शून्य होतो, आणि त्याहून अधिक वेगात माणूस बैठकीवरून उचलला जातो. हीच सीमा पाण्याच्या तांब्याला तारते. अर्धा भरलेला तांब्या दोरीला बांधून १ मीटर त्रिज्येच्या उभ्या वर्तुळात फिरवला आणि माथ्यावर त्याचा वेग सेकंदाला ३.१३ मीटरपेक्षा कमी होऊ दिला नाही, तर थेंबही सांडत नाही. पाण्याला वर धरून ठेवणारी कोणतीही गूढ शक्ती तेथे नसते. पाणी खाली पडतच असते, मात्र तांब्याही निदान तितक्याच त्वरेने खाली वळत असतो.

हाताचा जोर न लावता तोच तांब्या केवळ आपल्या गतीवर फेरा पुरा करावयाचा, तर तळाशी त्याचा वेग सेकंदाला निदान ७ मीटर हवा, आणि त्या क्षणी दोरीवरचा ताण वजनाच्या सहापट होतो, जो माथ्यावर शून्य असतो. वेग वाढवा, दोरी लांबवा. फेरा पुरा होत असेल तोवर तळ आणि माथा यांच्या ताणांतील अंतर वजनाच्या बरोबर सहापटच राहते. दोरी ढिली पडण्याची भीती माथ्यावर, तुटण्याची तळाशी.

या सहापटीची किंमत अमेरिकेने मोजली. १८९५ च्या सुमारास कोनी आयलंड येथे रुळांवरून उलटे नेणारी गाडी आली, तेव्हा तिचे वेटोळे शुद्ध वर्तुळाकार असल्याने प्रवेशाच्या क्षणी बसणाऱ्या हिसक्याने माना दुखावत. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियात जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल याने वेटोळ्याला थेंबासारखा आकार दिला: वेग जास्त तेथे, म्हणजे तळाशी, त्रिज्या मोठी, वेग मंदावतो तेथे, माथ्यावर, ती लहान. त्यामुळे हिसका सुसह्य झाला.

जत्रेच्या पाळण्याला असा आकार देता येत नाही. त्याची सुरक्षितता चालविणाऱ्याच्या हाती आणि आसाच्या मजबुतीवर अवलंबून असते. म्हणून परवाना देणाऱ्या अंमलदारांनी आणि जत्रेच्या पंचांनी पाळण्याची उंची पाहून समाधान न मानता, त्रिज्या मापून फेऱ्याचे सेकंदही मोजावेत, आणि डब्यांच्या खिळ्यांची व आसाची तपासणी तळाच्या भाराचा हिशेब धरून करावी. त्यासाठी मनगटावरचे घड्याळ, मापाची फीत आणि शाळेत शिकलेले एक सूत्र एवढी सामग्री पुरेशी आहे.