बंबलबीच्या पेटीतील कोळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

युरोपातील टोमॅटोच्या काचगृहात परागीभवनासाठी ठेवलेली बंबलबीची पेटी उघडून पाहणाऱ्याला, राणीच्या छातीवर आणि पंखांच्या मुळाशी टाचणीच्या माथ्याएवढे तपकिरी जीव दाटीवाटीने बसलेले दिसले, की वसाहतीला रोग जडला, हे जीव राणीचे रक्त शोषीत आहेत आणि औषध फवारल्यावाचून आता गत्यंतर नाही, असे तो बहुधा धरूनच चालतो. या समजुती तपासून घेणे अगत्याचे आहे. कारण येथे जे नजरेस पडते ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, आणि जे खरोखर घातक असते ते सहसा दिसतच नाही.

प्रथम नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. हे जीव कीटक नव्हेत. पूर्ण वाढ झाल्यावर त्यांना आठ पाय असतात, आणि आपले शेतकरी ज्या किडीला लाल कोळी म्हणतात तिच्याच, तसेच गोचिडीच्याही, गोतावळ्यात ते मोडतात; म्हणून त्यांनाही येथे कोळीच म्हटले आहे. बंबलबी म्हणजे घराच्या वाशांना भोके पाडणारा आपला काळा भुंगा, हीही समजूत चुकीची आहे. ती थंड मुलखातील केसाळ माशी असून आपल्या देशात हिमालयात नांदते. मात्र भुंग्यांच्या काही मोठ्या जातींत मादीच्या उदराच्या पहिल्या खंडात कोळ्यांच्या वास्तव्यासाठी एक स्वतंत्र पोकळीच असते, यावरून माशी आणि कोळी यांचा सहवास म्हणजे नेहमी वैरच नव्हे, एवढे ध्यानात यावे.

राणीवर स्वार झालेले ते तपकिरी जीव प्रायः पॅरासिटेलस या प्रजातीचे, अर्धवट वाढीचे असतात. बंबलबीची वसाहत एका वर्षाची असते. हेमंताच्या तोंडाशी जुनी राणी, कामकरी माश्या आणि नर हे सर्व मरून जातात, व फलित झालेल्या तरुण राण्या तेवढ्या जमिनीत शिरून हिवाळा काढतात. तेव्हा पुढील वसंतात नव्या घरट्यात पोहोचावयाचे तर या कोळ्यांना राणीची पाठ धरण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. ते तिचे रक्त पीत नाहीत. घरट्यात उतरल्यावर साठविलेले पराग आणि तेथील इतर सूक्ष्म जीव यांवर त्यांची गुजराण चालते. आणि वाहनच नष्ट झाले तर प्रवासी वाचावयाचा नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या सौम्यपणाचे कारण उमगते. संख्या फारच वाढल्यास राणीला उडणे जड जाते, हे मात्र कबूल केले पाहिजे. वाटेत ते फुलावर उतरून दुसऱ्या माशीची प्रतीक्षाही करतात, म्हणून केवळ घरट्यातूनच त्यांचा प्रसार होतो असे मानणे बरोबर नाही.

खरा परजीवी निराळाच आहे. लोकस्टाकारस बुखनेरी हा कोळी माशीच्या उदरातील श्वसनाच्या हवापिशव्यांत ठाण मांडतो. तेथे मादी पिशवीच्या भित्तीतून माशीचा शरीरद्रव शोषून फुगते, तिची संतती तेथेच जन्मते, आणि कन्या श्वासरंध्रावाटे बाहेर पडून दुसऱ्या माशीचा शोध घेतात. माशीचे विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून त्याचा पत्ता लागणे कठीण; पेटीवर वरवर नजर टाकून दिलेला निरोगीपणाचा दाखला म्हणूनच फारसा विश्वसनीय नसतो.

मधमाशीपालकांना धास्ती असते ती व्हरोआची. हा कोळी मूळचा आपल्या सातेरीच्या कुळातील मधमाशीवरचा, तेथून तो युरोपीय मधमाशीवर गेला व तिचा काळ ठरला. परंतु त्याची वीण मधमाशीच्या पिलाव्यातच होते, आणि बंबलबीवर तो क्वचित चिकटलेला आढळला तरी तेथे त्याचा वंश वाढत नाही.

आता कारखान्यातून आलेली बंद पेटी निर्जंतुकच असणार, या सर्वांत महागात पडलेल्या समजुतीकडे वळू. बेल्जियममधील पशुवैद्य रोलंड द योंगे यांनी १९८७ साली बंबलबीच्या व्यापारी पैदाशीचा प्रारंभ केला, आणि २००४ पर्यंत जगभर वर्षाला सुमारे दहा लक्ष वसाहती तयार होऊ लागल्या. या वसाहतींना पोसण्यासाठी मधमाश्यांनी गोळा केलेले पराग लागतात, आणि त्यांच्याबरोबर सूक्ष्म जीवांचाही शिरकाव होऊ शकतो. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभापासून युरोपीय बंबलबी आयात होऊ लागली. पुढे कोइची गोका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली आनुवंशिक तपासणीच्या आधारे दाखवून दिले की लोकस्टाकारस हा कोळी या व्यापाराबरोबर देशोदेशी फिरत आहे. पेटीचा बंदोबस्त माशीपुरता होता. माशीच्या आत दडलेल्या प्रवाशाला जकातनाक्यावर अडविणारे कोणी नव्हते.

फवारणीविषयी एवढेच सांगतो की कोळीनाशक औषध माशीलाही बाधू शकते, म्हणून तपकिरी स्वार दिसले एवढ्यावरून ते वापरू नये. खरा बंदोबस्त फवारणीचा नव्हे, तर माशी मोकळी सुटू न देण्याचा : जपान सरकारने २००६ साली युरोपीय बंबलबीला आक्रमक परकीय जातींच्या यादीत घालून परवान्यावाचून ती पाळण्यास मनाई केली, आणि जेथे परवाना मिळतो तेथेही हरितगृहाच्या झरोक्यांना जाळी लावणे सक्तीचे केले.