पुसून टाकलेला वाडा

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. आमच्या चिरंजीवांची सहावीची परीक्षा आठ दिवसांवर आलेली, आणि स्वारी भूगोलाच्या पुस्तकाआड मोबाईल दडवून बसलेली! तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा मी फोन हातातून ओढून घेतला आणि 'माइनक्राफ्ट' नावाचा तो खेळच फोनमधून काढून टाकला. "परीक्षा झाली की घाल परत," असं वर ऐकवलंही. मला वाटलं, आता आदळआपट होणार. पण तो नुसता माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "आई, त्यात आप्पांचा वाडा होता गं."

माझ्या हातापायांतलं बळच गेलं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. २०२० च्या टाळेबंदीत घरात सात वर्षांचा नातू आणि पंचाहत्तरीचे आजोबा. दोघांनाही बाहेर जायची बंदी. हा खेळ म्हणजे ठोकळ्यांचं एक जग. माती, दगड, लाकूड गोळा करायचं आणि हवं ते बांधायचं. आप्पांचं लहानपण ज्या वाड्यात गेलं, तो कधीच पडला. आता तिथे पत्र्याची शेड आहे. आप्पा आरामखुर्चीत बसून सांगायचे आणि नातू बोटांनी बांधायचा. दिंडी दरवाजा झाला, ओसरी झाली, चौकात वृंदावन झालं, मागे आड झाला. आडामागे आप्पांना ऊस हवा होता. त्या खेळात ऊस आहे, पण तो पाण्याला लागूनच लावावा लागतो. हे कळल्यावर आप्पा इतके खूश! "पाण्याशिवाय ऊस नाही, हे त्या लोकांनाही कळतं बघ," असं आल्यागेल्याला फोनवर सांगायचे.

२०२२ मध्ये आप्पा गेले. त्यानंतर मुलगा अधूनमधून नुसता त्या वाड्यात फिरून यायचा, हे मला माहीतच नव्हतं. मी आपली समजत होते, पोरगा वेळ वाया घालवतोय.

खरं तर मला कळायला हवं होतं. आपली पिढी काही नुसती सागरगोटे खेळत मोठी झालेली नाही. मी तिसरीत असताना, मिरजेला माझ्या माहेरी, दादाच्या मुंजीत मामानं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. अस्सल जपानी नव्हे, त्याची स्वस्तातली नक्कल. कॅसेटवर '९९९९ गेम' असं छापलेलं, आत मोजून दहा-बारा, तेच पुनःपुन्हा! 'मारिओ' जपानात निघाला १९८५ साली, आमच्या घरी पोचायला त्याला दहा-बारा वर्षं लागली. कॅसेट चालेना की ती काढून फुंकर मारायची, हे आमचं शास्त्र. फुंकरीनं काही होत नसे. काढून पुन्हा बसवली की जोड नीट बसे, एवढंच.

पण मला खरी आठवते ती दुपार. ओटा आवरून, पदराला हात पुसत आई यायची आणि म्हणायची, "एक डाव मला दे गं." मग प्लॅस्टिकचं पिस्तूल घेऊन पडद्यावरची बदकं टिपायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि पिस्तुलात तो उजेड शिरला की नेम लागला म्हणून समजायचं. माझ्या आईला मी उभ्या जन्मात कधी खेळताना पाहिलं असेल, तर एवढंच. गेल्या दिवाळीत माळ्यावर तो संच सापडला. जोडून पाहिला, तर चपट्या टीव्हीवर पिस्तूल चालेना. ते जुन्या काचेच्या टीव्हीसाठीच बनवलेलं. आई म्हणाली, "राहू दे गं." पण जरा वेळ पिस्तूल हातात धरून बसली.

पुढे बी.ए.ला असताना बाबांच्या जुन्या नोकिया फोनवरचा साप आला. साखरपुडा झाल्यावर 'ह्यां'च्या फोनची वाट बघत मी तो साप वाढवत बसायची. फोन वाजला की खेळ थांबायचा, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटायचं नाही! मग २०१३ साली हे चिरंजीव झाले. रात्री-अपरात्री त्याला पाजताना डोळा लागू नये म्हणून एका हातानं 'कँडी क्रश' खेळायची. पाच डाव हरलो की नवा डाव मिळायला अर्धा तास थांबावं लागे. तेवढ्यात बाळ झोपायचं. अजून कुणाच्या फोनमधून त्या गोळ्या फुटल्याचा आवाज आला, की मला टाळूवर घातलेल्या तेलाचा वास येतो.

मग त्याला त्या वाड्यात काय मिळत असेल, हे मला का कळू नये?

फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला. काही निघालं नाही. आमच्या फोनमध्ये ते बांधकाम खेळाबरोबरच साठवलेलं होतं, खेळ गेला तसं तेही गेलं. म्हणून मैत्रिणींनो, एक सांगते. मुलांचा खेळ काढून टाकायचाच असेल, तर आधी विचारा, "ह्यात तुझं काय काय आहे?" माइनक्राफ्टमध्ये आपण केलेल्या जगाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची फाईल बाहेर काढून ठेवता येते. काही खेळ खात्याला जोडले की दुसऱ्या फोनवरही तिथूनच सुरू होतात. आणि नुसता वेळच कमी करायचा असेल, तर फोन कपाटात ठेवला तरी पुरतं. हे मला सुचलं नाही, कारण मी रागात होते.

परीक्षा झाल्यावर मीच त्याला म्हटलं, चल, परत बांधू. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही नकाशा काढला. आत्याबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आड डाव्या हाताला होता. हा म्हणाला, "नाही, आप्पांनी उजवीकडे सांगितला होता." बराच वाद झाला. शेवटी आड उजवीकडेच खणला.

वाडा आता जवळजवळ पुरा झालाय. रविवारी तासभर, त्याहून जास्त नाही, हा नियम मी सोडलेला नाही. परवा ऊस लावून झाल्यावर मी म्हटलं, "झाला की रे अगदी तस्सा!"

तो म्हणाला, "हो. पण हा आप्पांनी पाहिलेला नाही ना."

मी गप्प बसले. त्याची फाईल मात्र त्याच रात्री दोन ठिकाणी जपून ठेवली.