घाटातली विजेची मोटार

मंडळी, वरंधा घाट उतरून शिवथरकडे येणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. त्या उतारावर विजेची मोटार कशी वागते, ते पाहू.

सायकलीचा डायनामो चाकाला टेकवा. दिवा लागतो, पण पायडल जड होते. गुरुजींनी हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. मोटारीतही तेच घडते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की गाडी पळवणारे यंत्रच डायनामो बनते; वेग मंदावतो आणि वीज बॅटरीत परत जाते.

पण भरल्या हंड्यात पाणी कुठे मावणार? बॅटरी काठोकाठ भरली असेल, तर हा वीजब्रेक दुबळा पडतो. म्हणून घाट उतरण्यापूर्वी बॅटरीत थोडी जागा ठेवा, आणि पायाचा ब्रेक विसरू नका.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. दोष आढळला तर कंपनीने गाड्या परत बोलवाव्यात, अशी तरतूद आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झाली. १ एप्रिल २०२१ पासून ती अमलात आली. चीनमध्ये २०२३ साली टेस्लाच्या ११ लाखांवर गाड्यांत या वीजब्रेकचीच दुरुस्ती निघाली. त्याचा जोर कमीजास्त करण्याची सोय चालकाला नव्हती.

अशा दुरुस्तीनंतर ओळखीची गाडी निराळी वागू शकते. काय बदलले ते कारागिराला विचारा, आधी सपाट रस्त्यावर चालवून पाहा, मगच घाटात घाला. गाडी सुधारली, तरी आपल्या पायाची सवय जुनीच असते, बरे का!